उजवा इंडिकेटर

बोरगाव मेघेत जयवंताचं गॅरेज कोणालाही विचारा, हात करून दाखवतील. अर्धं आयुष्य ट्रक चालवून कंबर गेली, तेव्हा हा गडी खाली उतरला आणि डेंटिंग-वायरिंगच्या कामाला लागला. हात असा, की त्यानं ठोकून काढलेलं दार पाहून मालकच विचारात पडायचा, बाप्पा, चेपलं होतं ते हेच ना? आणि तोंड तर हाताच्याही पुढं. पण या उन्हाळ्यात जयवंता मुका झाला होता. गिऱ्हाईक बोललं तर हूं, नाही बोललं तर तेही नाही.

झालं ते मोतीलालशेठच्या गाडीवरून. सेलूचे मोतीलालशेठ म्हणजे कापड दुकानवाले, वय ऐंशीच्या घरात, दुकान मुलाच्या हाती देऊन मोकळे झालेले. त्यांच्याकडे एक लाल विलायती स्पोर्ट्स कार. दोनच माणसांची, टप मागं पडणारी, बसलं की बूड रस्त्याला घासतंय असं वाटायचं. लग्नानंतर त्यांच्या पत्नी कौशल्याबाई पदर दातात धरून त्या गाडीत बसायच्या. गाडीचे मूळचे बंपर केव्हाच गेलेले. त्या जागी कोणा वेल्डरनं ट्रॅक्टरला शोभेल असा पाइप ठोकून दिला होता. इंडिकेटर तर कधीचे मेलेले. वळायचं असलं की शेठ उजवा हात खांद्यापासून सरळ बाहेर काढायचे. सगळ्या सेलूला तो हात ओळखीचा होता आणि इतक्या वर्षांत गाडीला कोणाचा ओरखडा लागला नव्हता.

शेठच्या मागं लकडा लावला तो जयवंतानंच. "एवढी नवरीसारखी गाडी अन् तिच्या तोंडावर हा नळाचा पाइप! कसं पाहावते तुमाले?"

शेठनं मग चार ठिकाणी फोन करून मुंबईहून क्रोमचे जुने बंपर मागवले. जयवंतानं पाइप कापला, गंजलेले नट तेल पाजून पाजून सोडवले, बंपर असे बसवले की त्यात भांग पाडून घ्यावा. पुढं-मागं पिवळे इंडिकेटर लावले, नवी वायर ओढली आणि डॅशबोर्डवर एक छोटा खटका बसवला.

"वळून झालं का खटका हातानं मधात आणाचा, शेठजी," त्यानं समजावलं. "आताच्या गाड्यांसारखा तो आपल्या मनानं परत येत नाई. अन् तो हात बाहेर काढनं बंद करा आता. एखादा ट्रकवाला घेऊन जाईन हात."

"बरं बाबा," शेठ हसले. "तू म्हनशीन तसं."

चाचणी घ्यायला ते आंजीच्या रस्त्यावर निघाले. पुढं शेठ, मागून जयवंता आपली पिकअप घेऊन, गाडी रुसलीच तर ओढून आणायला. सकाळचं ऊन, मोकळा रस्ता, पुढं आपल्या हातचे बंपर चमकतायत. जयवंताची छाती फुगली होती. शेठच्या शेताचा फाटा उजव्या हाताला. फाटा थोडा पुढं राहिला आणि शेठचा मागचा उजवा दिवा लुकलुकायला लागला.

आता इथंच घात झाला. ट्रकवाल्यांची एक रीत आहे. पुढचा ट्रक उजवा इंडिकेटर देतो तो दर वेळी वळायला नाही; समोर रस्ता मोकळा आहे, काढ तुझी गाडी पुढं, असं तो मागच्याला सांगत असतो. जयवंताचा जन्म त्या भाषेत गेलेला. शेठ साइड देऊन राह्यले, एवढंच त्याच्या मनात आलं आणि पायानं ॲक्सिलरेटर दाबला. पिकअप उजवीकडून पुढं काढायला आणि शेठनं फाट्यावर गाडी वळवायला एकच गाठ पडली.

नवा बंपर कोपऱ्यातून वाकला, पुढचा दिवा फुटला, शेठचं उजवं मनगट मोडलं. जयवंतानं धावत जाऊन आधी किल्ली बंद केली, आगीच्या भीतीनं बॅटरीची वायर उपसून काढली आणि मग शेठना उचलून बाहेर घेतलं. तोवर माणसं जमली. "म्हाताऱ्याले काय भान राह्यते," कोणीतरी म्हणालं. "इशारा न देता वळला असंन."

दवाखान्यात शेठचा मुलगा योगेंद्र आला. त्यानं जयवंताला बाजूला घेतलं. "जयवंताभाऊ, खरं सांगा. बाबांनी इंडिकेटर दिलता का?"

जयवंताच्या डोळ्यांपुढं पोलीस आले, लायसन आलं, उद्या आपल्या गॅरेजवर कोण गाडी आणील तेही आलं. तो म्हणाला, "मले तं नाई दिसला, भाऊ."

झालं. योगेंद्रनं गाडीची किल्ली कपाटात टाकली आणि गाडी गोडाऊनमध्ये ताडपत्रीखाली गेली.

जयवंताला वाटलं होतं, हाड जुळेल आणि विषय संपेल. शेठ पहिल्यांदा ठणकावून म्हणायचे, "मी दिलता." मग म्हणायला लागले, "दिला असंन." आणि मग, "आठवत नाई बा." जयवंता संत्री घेऊन भेटायला गेला, तेव्हा कौशल्याबाई त्याला ओसरीवरच म्हणाल्या, "कसं सांगू तुले, जयवंता. दार लावलं का, गोळी घेतली का, घडीघडी मलेच विचारतात. दुकानात जाऊन बसायचे, तेही सोडलं. म्हनतात, मह्या डोक्यावर आता मलेच भरवसा नाई." आतून शेठचा आवाज आला, "कौशल्या, मी चहा घेतला का व?" कप त्यांच्या हातातच होता.

जयवंताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणूस वयानं म्हातारा झाला नव्हता, आपल्या एका वाक्यानं झाला होता. ते वाक्य परत घ्यायला तो ओसरीवर बसूनही राहिला, पण जीभ रेटेना. चहा तसाच टाकून उठला.

विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी त्याचा आवाज बंद पडायला लागला. खोटं बोलणार नाही, ही शपथ सगळ्यांबरोबर मोठ्यानं घ्यायची कशी? बायको जिजाबाई शेजारीच बसायची.

"अवो, चौथं काऊन गाळता तुमी?" तिनं घरी येताना विचारलं.

"घसा बसला."

"घसा नेमका चौथ्यालेच बसते व्हय?"

खाई त्याला खवखवे, दुसरं काय!

एक दिवस योगेंद्रनं गाडी जयवंताकडेच धाडली. विकायची ठरली होती, नागपूरचं गिऱ्हाईक यायचं होतं. बंपर सरळ करा, फुटलेला दिवा नवा बसवा, असा निरोप. जयवंतानं बंपर उतरवला, लाकडी ठोकळ्यावर धरून हळूहळू ठोकत सरळ केला, चढवला. नवा दिवा जोडला. मग बॅटरीची वायर लावली, आत बसून किल्ली फिरवली.

टिक. टिक. टिक.

त्यानं कशालाच हात लावला नव्हता. डॅशबोर्डवरचा खटका उजवीकडं होता. शेठनं त्या सकाळी टाकला तसाच, ताडपत्रीखाली सगळे दिवस तसाच.

एका बोटानं मधात आणला असता तर जगात कोणाला कळलं नसतं. बोट खटक्यापर्यंत गेलंही. मग जयवंतानं किल्ली बंद केली, पिकअप काढली आणि सरळ सेलूला जाऊन शेठना घेऊन आला. का, ते वाटेत सांगायची हिंमत झाली नाही.

शेठना त्यानं त्यांच्या जागेवर बसवलं. "आता किल्ली फिरवा. बाकी काईच करू नका."

टिक. टिक. शेठ खटक्याकडे पाहत राहिले. मग मान वळवून मागचा दिवा पाहिला, पुन्हा खटका पाहिला. त्यांचा चेहरा आधी कसानुसा झाला आणि मग ते लहान पोरासारखे रडायला लागले.

"मी दिलता. अरे, मी दिलता!" त्यांनी जयवंताचा हात घट्ट धरला. "देव भलं करो तुह्यं. दुसऱ्या कोणी सांगतलं नसतं. तुले दिसला नसंन रे, ऊन पडलं असंन दिव्यावर. होते असं. तुहा काई दोष नाई."

सुटायची वाट आयती समोर आली होती. नुसती मान हलवायची होती.

"दिसलता, शेठजी," जयवंता म्हणाला.

"काय?"

"तवाच दिसलता. मले वाटलं, तुमी साइड देऊन राह्यले. मीच घुसलो. अन् मंग भ्यालो."

शेठनी हात सोडला. इंडिकेटर चालूच होता. त्यांनी खटका मधात आणला.

"मी रोज तो रस्ता आठवत बसलो, जयवंता," ते म्हणाले. "पहिल्यापासून. रोज. अन् तुले ठाऊक होतं."

जयवंतानं खाली मान घातली. शिव्या दिल्या असत्या, कानफटात मारली असती तर बरं वाटलं असतं. शेठनी तसलं काहीच केलं नाही.

"बस इकडं," ते म्हणाले. "घरी चाल. योगेंद्रले अन् कौशल्येले तूच सांग. मह्यासमोर."

जयवंता गुडघे पोटाशी घेऊन शेजारच्या सीटवर बसला. गॅरेजमधून मोठ्या रस्त्याला लागताना शेठनी उजवा इंडिकेटर दिला, आणि वर हातही खांद्यापासून सरळ बाहेर काढला. मनगट वाकडंच जुळलं होतं. जयवंतानं तोंड दुसरीकडे फिरवलं.