पाणकरणीचा सुट्टीचा अर्ज

कुंदाबाई कापगत्यांना श्रीलंकेला जायचं होतं आणि हे त्यांनी गावात कोणालाही न विचारता ठरवलं होतं. सगळ्यांना खुपलं ते हेच. विचारलं असतं तर लोक आधी नाही म्हणाले असते, मग बाईंनी गळ घातली असती, मग कोणीतरी मोठेपणा घेऊन "जाऊ द्या बिचारीले" म्हटलं असतं. सगळ्यांची चार दिवस रीतसर करमणूक झाली असती. पण कुंदाबाईंना बिचारी व्हायचं नव्हतं. त्या अर्जुनी मोरगावहून गोंदियाची गाडी पकडून गेल्या, पासपोर्टचा फॉर्म भरून आल्या आणि मग किराणा दुकानात साखर घेता घेता म्हणाल्या, "पौषात मी चालली लंकेले." दुकानदाराने साखर दोनदा मोजली.

वय अठ्ठावन्न. माहेर सौंदड, सासर हे मोरगावपासून आठ किलोमीटरवरचं गाव. सासरचे लोक पिढ्यानपिढ्या तलाव बांधणारे. गावच्या उगवतीचा तलाव कापगत्यांच्याच कुण्या पणजोबाने बांधलेला. त्या तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, कधी आणि किती वेळ जायचं ते ठरवणारा माणूस म्हणजे पाणकर. तलावाच्या पोटातून पाणी सोडायचं दार, त्याला इकडे तुडूम म्हणतात, ते उघडायचं त्यानेच, मिटायचं त्यानेच, आणि पाटावर उभं राहून दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या त्याही त्यानेच. कुंदाबाईंचे यजमान दुधराम हे गावचे पाणकर होते. अकरा वर्षांपूर्वी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावरच, त्यांना लकवा मारला, डावी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. दुसऱ्या दिवशी धानाला पाणी हवं होतं. कुंदाबाईंनी पदर खोचला, तुडुमाची लोखंडी चावी खांद्यावर घेतली आणि पाळीवर गेल्या. तेव्हापासून त्याच जात होत्या. समितीच्या रजिस्टरात मात्र पाणकर म्हणून अजून दुधरामचंच नाव होतं, कारण ते बदलायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं नाही असं समिती म्हणायची.

लंकेचं वेड लागलं ते मोरगावच्या एका शिबिरात. नागपूरहून आलेल्या एक मॅडम पडद्यावर अनुराधापूरच्या तलावांचे फोटो दाखवत होत्या. दोन हजार वर्षांपूर्वी बांधलेले, आणि अजून त्यांच्या पाण्यावर धान पिकतो, असं त्यांनी सांगितलं. सगळे वा वा करत होते. कुंदाबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गळत नाही का?"

लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, तिथल्या लोकांनी दाराच्या आधी एक चौकोनी विहीर बांधली, पाण्याचा जोर तिच्यातच मोडतो, म्हणून दार टिकतं. कुंदाबाई खाली बसल्या, पण त्यांना काही ते पटलं नाही. त्यांचा तुडूम दर वर्षी गळ्याशी गळायचा आणि दर वर्षी त्या स्वतः पाण्यात उतरून चिकणमाती अन् धानाच्या तणसाने तो बुजवायच्या. यांचा दोन हजार वर्षं गळत नाही म्हणजे काय? फोटोत काय, काहीही दिसतं. हे जाऊन पाहिलं पाहिजे. लोक एखादा देश आवडला म्हणून बघायला जातात. कुंदाबाई त्याला खोटं पाडायला निघाल्या होत्या.

गोंदियात सहली काढणाऱ्या हिमांशूचं ऑफिस आहे. मुलगा हुशार आणि बोलायला गोड. त्याने खुर्ची पुढे केली. "आंटीजी, आप रामायणवाला टूर ले लो. अशोक वाटिका, चाय के बागान, हाथी, और लास्ट में दो दिन समुंदर."

"ते सगळं पाहीन. पर मले तलाव पाहाचे आहेत."

"तालाब? तालाब देखने लंका? अपने गोंदिया जिले में तो कदम कदम पे तालाब है!"

"मंग समुद्र कायले दाखवता? पाणी तं माह्या घरी नळालेही येते."

हिमांशूने सात वर्षांत बरीच गिऱ्हाइकं पाहिली होती, पण समुद्र काढून टाका म्हणणारी बाई पहिलीच. त्याने समुद्राचे दोन दिवस कापून अनुराधापूरला जोडले. मग फोटो दाखवायला बसला. धुक्यातले चहाचे डोंगर पाहून कुंदाबाई पहिल्यांदा गप्प झाल्या. एवढं हिरवं, आणि त्यात एक बांधी नाही! सिगिरियाचा तो उभा खडक, वर राजाचा महाल, तोही त्या बराच वेळ पाहत राहिल्या. "आणि वर हे टाकं कशाचं?" त्यांनी बोट ठेवून विचारलं. "इतक्या उंच पाणी कोणं चढवलं?" हे हिमांशूला ठाऊक नव्हतं. कुंदाबाईंनी तो खडकही यादीत टाकायला लावला.

पैसे त्यांचे स्वतःचे होते, त्याबद्दल आणखी काही विचारायचं कारण नाही. मुलगी नीतू गोंदियाच्या दवाखान्यात नर्स होती. तिने दहा दिवस घरी येऊन बाबांना सांभाळायचं कबूल केलं. चाकांची एक निळी बॅग आणली. ती ओढायची सवय व्हावी म्हणून कुंदाबाई रोज सकाळी ती रिकामी बॅग घेऊन तलावाच्या पाळीवरून एक फेरी मारत. म्हशी बिचकल्या, माणसं थांबून पाहू लागली. कुंदाबाईंनी फेरी चुकवली नाही.

पाळीवरच एकदा भैयाजी आडवे आले. भैयाजी म्हणजे दुधरामचे चुलत भाऊ, पाणी समितीचे अध्यक्ष, नात्याने कुंदाबाईंचे दीर. माणूस वाईट नव्हता. फक्त गावात काहीही व्हायचं ते आपल्याला विचारून व्हावं, एवढंच त्यांचं म्हणणं असायचं.

"वहिनी, लंकेले का कोणी जाते? काशीले जा. मी सोता गाडीत बसवून देतो."

"काशीले तलाव आहे का, भाऊजी?"

"ते ठेवा. पौषात उन्हाळी धानाच्या पऱ्ह्याले पाणी लागते. कोण देईल? तुमच्याशिवाय तुडूम कोणाच्या बापाले उमजत नाही."

कुंदाबाई क्षणभर सुखावल्या. अकरा वर्षांत हे वाक्य त्यांच्या कानावर पहिल्यांदा पडत होतं. त्यांनी शांतपणे तारखा सांगितल्या: पऱ्ह्याला, म्हणजे धानाच्या रोपांना, पहिलं पाणी पंधरा जानेवारीनंतर, आपण बाराला परत. भैयाजींनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "तरी बी. गाव वाऱ्यावर सोडून फिराले जाता, हे शोभत नाही."

त्यानंतर आठवड्याने पासपोर्टच्या चौकशीला पोलीस शिपाई आला. ग्रामपंचायतीत खुर्ची टाकून बसला. शेजारपाजारचे दोन साक्षीदार हवे होते; एक भैयाजी, दुसरे समितीचे चिटणीस यादोराव. कुंदाबाई बाजूला आपली कागदांची पिशवी धरून उभ्या होत्या. शिपायाने विचारलं, "बाई काय करतात?"

"काही नाही साहेब," भैयाजी म्हणाले, "घरीच राहते."

त्यात खोट नव्हती, डाव नव्हता. विचार न करता जसं जिभेवर असतं तसं ते आलं. शिपायाने लिहून घेतलं, यादोरावांनी सही केली, चहा आला. कुंदाबाईंची कानशिलं तापली. तिथेच दोन शब्द सुनावावेत असं फार वाटलं, पण कागद अडकला असता. त्या घरी आल्या आणि दुधरामला म्हणाल्या, "जायचं म्हटलं तं मी नसली का गाव तहानेनं मरते. आणि साहेबानं पुसलं तं मी काहीच करत नाही. एका तोंडाच्या दोन गोष्टी कशा चालतील?" दुधराम बाजेवर बसून ऐकत होते. त्यांनी उजव्या हाताने कोनाड्यातलं नीतूच्या जुन्या वहीचं पान दाखवलं, पेन दाखवला. कुंदाबाई लिहायला बसल्या.

कापणी आटोपली, धान घरात आला, आणि समितीची वर्षाची बैठक भरली. समाजमंदिरात सतरंजी अंथरलेली, भैयाजी मध्ये, पुढ्यात रजिस्टर. तोवर पासपोर्टही आला होता आणि तिकीटही निघालं होतं. यादोरावांनी एक पान उघडलं, चष्मा सारखा केला आणि मोठ्याने वाचलं.

"प्रति, अध्यक्ष, पाणी समिती. विषय, सुट्टी मिळण्याबाबत. महोदय, मी कुंदाबाई दुधराम कापगते, गावच्या तलावाची पाणकर. मागच्या अकरा वर्षांत मी एकही सुट्टी घेतलेली नाही. मला तीन जानेवारीपासून दहा दिवस सुट्टी पाहिजे. मंजूर करावी. नामंजूर केल्यास कारण लिहून द्यावे."

कोणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. भैयाजींनी पान हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मंजूर लिहावं तर बाई पाणकर ठरत होती, नामंजूर लिहावं तरी पाणकरच ठरत होती. पण भैयाजी काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी पान खाली ठेवलं आणि मोठ्या प्रेमाने म्हणाले, "वहिनी, रजिस्टरात तुमचं नावच नाही. तुम्हाले सुट्टी कायले पायजे? तुम्ही मोकळ्या आहात. खुशाल जा. आमची काही हरकत नाही."

सतरंजीवरची माणसं सैल झाली. प्रश्न मिटला होता. बाईंना जायचं होतं, जा म्हटलं होतं, आता उठावं आणि बॅग भरावी. कुंदाबाईंच्याही मनात आलं, घे पदरात, जा. ते डोंगर, तो खडक, ती चौकोनी विहीर, सगळं एका होकाराच्या अंतरावर होतं. पण आज अशी गेली, तर परत येऊन पुन्हा चावी खांद्यावर घ्यायची आणि पुन्हा काहीच करत नाही म्हणवून घ्यायचं. त्या उठल्या नाहीत.

"अशी नाही जात," त्या म्हणाल्या. "सुट्टी मंजूर झाली तं जाईन. नाही तं तिकीट रद्द करतो. आणि मोकळीच आहो तं उद्यापासून तुडुमावरही जात नाही. मोकळ्या बाईचं तिथं काय काम?"

"आता हा हट्ट झाला, वहिनी."

"हो. हट्टच आहे."

भैयाजी वैतागले. "पाणकर दुधराम आहे. सुट्टी मागाची तं त्यानं मागावी."

तेवढ्यात दारात काठी वाजली. गोंदियाहून आलेल्या नीतूच्या खांद्यावर हात टाकून दुधराम उभे होते. अकरा वर्षांत ते या समाजमंदिराची पायरी चढले नव्हते. नीतू त्यांना आत आणायला लागली, पण त्यांनी तिथेच थांबून उंबऱ्यावर काठी टेकवली. त्यांचं बोलणं समजायला वेळ लागतो, म्हणून सगळे आपोआप गप्प झाले.

"मी... अकरा वर्षं... सुट्टीवर आहो," दुधराम म्हणाले. "कोणं... मंजूर केली?"

भैयाजींनी रजिस्टर मिटलं.

"कोणाच्या... बांधीत... पाणी कमी पडलं? सांगा." त्यांनी एकेका माणसाकडे पाहिलं. प्रत्येकाची बांधी त्यांना ठाऊक होती. "नाही पडलं. म्हणून... तुमच्या ध्यानात नाही आलं... का मी नाही. आता... तिची लिहा."

कुंदाबाईंना भरून आलं, आणि चारचौघांत भरून आलं याचा रागही आला. त्यांनी पदराने नाक पुसलं आणि रजिस्टराकडे बोट दाखवलं.

यादोरावांनी आधी मान खाली घातली, मग पेनाचं टोपण काढून पेन भैयाजींपुढे धरला. भैयाजींनी तो बराच वेळ घेतला नाही. मग घेतला. रजिस्टराचं पान उघडलं, दुधरामच्या नावावर एक रेघ मारली, तिच्याखाली सावकाश अक्षर काढत लिहिलं: कुंदाबाई दुधराम कापगते, पाणकर. त्याच्यापुढे लिहिलं: दहा दिवस सुट्टी मंजूर. आणि शेवटी वैतागलेला माणूस एवढं तरी आपल्या मनाचं करू द्या म्हणतो, तशा आवाजात विचारलं, "कारण काय लिहू?"

"लिहा, तलाव पाहाले."

"तलाव?" भैयाजींनी पेन थांबवला. "तलाव तं इथंही आहे, वहिनी. रोजच पाहता."

"इथं पाहतो ते काम आहे, भाऊजी," कुंदाबाई म्हणाल्या. "तिथं पाहीन ते सुट्टी. दोन्ही लिहा."