चंपाची प्रतिपिंडं

चंपा गेल्यावरही वाळूत तिच्या बसण्याचा खळगा तसाच होता. ती आमच्या संशोधन केंद्रातली उंटीण. सर्पदंशावर औषध शोधण्यासाठी आम्ही तिला विषाची बारीक मात्रा टोचायचो आणि मग तिचं रक्त घ्यायचो. उंटाच्या रक्तात विषाला अडवणारी काही प्रतिपिंडं फार लहान असतात. माणसाची जिथे पोहोचत नाहीत, तिथेही ती शिरतात.

तिला सांभाळणारे हमीरभाई त्या दुपारी दारात येऊन म्हणाले होते, "ताई, चंपा गेली. बसली, ती उठलीच नाही."

"आपल्या विषामुळे?"

"डॉक्टर नाही म्हणतात. मला काय माहीत!"

मलाही माहीत नव्हतं. तिच्या प्रतिपिंडांची रचना जगभरच्या संशोधकांसाठी खुल्या असलेल्या डेटाबेसमध्ये आधीच गेली होती. आता कुणीही, कुठेही ती नव्याने बनवू शकेल. देह मातीत गेला आणि त्यातला एवढासा अंश मागे उरला, तर त्याला जगणं म्हणायचं का? त्यातून कुणाचा तरी जीव वाचेल, या विचाराने धीर यायला हवा होता. आला नाही.

थोड्याच दिवसांत दुसऱ्या सापाच्या विषासाठी नवी उंटीण आली. मी तिच्या मानेवरून हात फिरवला. तिला ते आवडलं असावं, कारण डोळे मिटून ती स्वस्थ बसली. मग मी शीर शोधली.