घाटकोपरच्या लॅबमधले चमकणारे कण

चार लॅबवाले एकत्र बसले की किस्से थांबतच नाहीत. एकाचा संपतो न संपतो तोच दुसरा कोपर मारतो, "अरे, ते सांग ना!" ऐंशीच्या दशकात घाटकोपरच्या आमच्या कॉलेजात मी आणि सुलभा कॅडमियम सल्फाइडचे अतिसूक्ष्म कण बनवायचो. अतिनील दिव्याखाली छोटे कण निळे चमकायचे, मोठे पिवळे. पदार्थ तोच, फरक फक्त आकाराचा! कुणाला पटायचंच नाही. आणि सुलभाची पीएचडी नेमकी त्याच्यावर टांगलेली.

*

सुलभाच्या आईने एकदा विचारलं, "केवढे असतात गं ते?"

"केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी लहान."

आई काळजीत पडली. "अगं बाई! मग केर काढताना गेले तर?"

*

कण बनवताना जो वायू सुटायचा, त्याचा वास थेट सडक्या अंड्यांचा. प्रिन्सिपॉल महिनाभर कॅन्टीनवाल्या जिग्नेशभाईंना झापत होते. शेवटी ते बिचारे हात जोडून म्हणाले, "साहेब, मी जैन. माझ्याकडे कांदाभजी मिळत नाही, अंडी कुठून आणू?"

आम्ही दोघं बाजूच्याच टेबलावर गुपचूप चहा पीत होतो. नालायक कुठले!

*

हे कण थंड ठेवले नाहीत तर वाढतात. आमचे लॅब अटेंडंट सावंतमामा मालवणचे. एकदा त्यांनी खारदांड्याहून आणलेले बांगडे फ्रीजमध्ये ठेवले, आणि जागा करायला आमच्या बाटल्या बाहेर खिडकीत! दुपारपर्यंत निळ्याचं पिवळं. आठवड्याच्या मेहनतीची वाट लागली. सुलभा रडायलाच लागली.

मामा म्हणाले, "गो चेडवा, पोरां वाढली की लोक पेढे वाटतत. तू कित्याक रडतंस?"

*

आणि सुलभाची तोंडी परीक्षा! परीक्षक नावाजलेले आणि पक्के संशयी. आल्या आल्या म्हणाले, "यात रंग मिसळलाय." सुलभा पांढरीफटक. ते नाही म्हणाले असते तर चार वर्षं पाण्यात.

डार्करूममध्ये शिरलो, अतिनील दिवा लावला. बाटली झकास निळी! परीक्षक हसले. "चमकतंय खरं. पण या दिव्यात सगळंच चमकत असेल, तर?"

"नाही सर. ही नुसत्या पाण्याची बाटली बघा, काळीच आहे."

"ते पाणी झालं. दुसरं उदाहरण द्या."

सुलभा त्यांच्याकडे बघत राहिली. पोरगी पहिल्यापासून सरळ, दिसेल ते बोलणारी. "सर, आत्ता तुम्ही हसलात तेव्हा तुमचे सगळे दात चमकले. वरचे पुढचे दोन सोडून."

त्या दिव्याखाली खरे दात चमकतात, बसवलेले नाहीत! मी तर मनातल्या मनात देवाला नारळ बोलून टाकला.

परीक्षकांनी खिशातून रुमाल काढून तोंडावर धरला.

"अभिनंदन, डॉक्टर," ते रुमालातून म्हणाले. "फक्त हे उदाहरण प्रबंधात घालू नका!"