देवगांडुळाच्या नावाची घासाघीस

एसटीतून परळला उतरलो तेव्हा नुकते उजाडले होते. पहिली नजर आमच्या गिरणीच्या चिमणीकडे गेली. धूर नव्हता. संपाच्या दुसऱ्या वर्षी इथूनच ट्रंक उचलून मी सावंतवाडीकडच्या गावी गेलो आणि पडीक जमिनीत सुपारीची बाग उभी केली. आता परत आलो होतो तो भांडायला.

झाले असे. दोन वर्षांपूर्वी बागेत देवगांडूळ (बेडकाच्या नात्यातला, पण बिनपायांचा जीव) निघाले. गिरगावातल्या एका कॉलेजच्या बाई सहलीला आल्या होत्या, त्यांनी ते बरणीतून नेले. "नाव लावू," म्हणाल्या. प्राण्याला माझे नाव मिळणार, असे मी गावभर सांगून बसलो. पत्र काही आले नाही. मग जो तो विचारू लागला, "काय रे, बारसा झाला काय?"

लालबागला माझ्या शेजारच्या मागावरचा दत्ताराम भेटला. बंद गेटसमोर त्याची वड्यांची गाडी आहे. वडा तसाच तिखट, दत्तारामही तसाच.

"नोकरीसाठी आलास?"

"गांडुळासाठी."

"आपली नावं मस्टरवरून गेली, आणि तू गांडुळाचं घेऊन बसलास!"

दादरला चपला घेतल्या, निम्म्या भावात. गिरगावात पोचायच्या आत एकीचा अंगठा तुटला. तसाच पाय ओढत प्रयोगशाळेत शिरलो.

बाईंनी कपाट उघडले. बेडकाच्या बरणीवर 'राना टायग्रिना'. राना म्हणजे लॅटिनमध्ये बेडूक, पुढचा शब्द वाघासारखा म्हणून. माझ्या बरणीवर होते 'इक्थिओफिस बॉम्बेएन्सिस'.

"इक्थिस म्हणजे मासा, ओफिस म्हणजे साप, दोन्ही ग्रीक. बॉम्बेएन्सिस लॅटिन. मुंबईचा."

माझे डोके फिरले. "नोकरी मुंबईने खाल्ली, आता आमच्या बागेतला जीवही तिच्याच नावावर?"

"जुन्या मुंबई राज्याच्या, काका. पहिला नमुना डांगच्या जंगलातला."

"शब्द दोन आहेत ना? मासा-साप ग्रीकांचा राहू दे. दुसरा आमचा करा."

"पहिल्याने ठेवलेलं नाव राहतं. इथे घासाघीस नाही."

"मग नाव लावू म्हणालात ते?"

त्यांनी बरणी फिरवली. मागच्या चिठ्ठीवर गाव होते, तारीख होती. 'कोणाला मिळाले' यापुढची जागा कोरी.

"हे लिहिल्याशिवाय नमुन्याला किंमत नाही. तुमचं पूर्ण नाव विचारायचं राहिलं, चूक माझी." त्यांनी पेन उघडले. "सांगा."

मी माझे नाव सांगणार, तोच बाग आठवली. त्या दिवशी साप समजून मी कुदळ उगारली होती. बायकोने दांडा धरला, "आधी बघ तरी!" म्हणाली, आणि चिखलातून ते हाताने उचलले.

"सुशीला परब," मी म्हणालो.

"आणि तुम्ही?"

"मी मारत होतो. त्याचा रकाना आहे का?"

बाई हसल्या. निघताना त्यांनी उभयचरांचे 'अँफिबिया' हे ग्रीक नावही फोडून सांगितले: अँफी म्हणजे दोन्हीकडे, बिऑस म्हणजे जगणे. निम्मा जन्म गिरणीत, निम्मा मातीत काढलेल्याला हे ग्रीक जड गेले नाही.

घरी सुशीला सुपाऱ्या सोलत होती. "बाटलीर माझा नाव? जळला मेला!" पुढची सुपारी उचलत हळूच म्हणाली, "गावाचा नाव नीट लिवला मा?"

"नीट."

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजाऱ्याने हाक दिली, "काय रे, बारसा झाला काय?"

मी उठायच्या आत तीच म्हणाली, "झाला. माझ्या नावान."