मावशीच्या बरण्यांतला समुद्र

कुत्री, पोपट, कबुतरं पाळणारी माणसं गल्लोगल्ली असतात; समुद्र पाळणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच होऊन गेला, आणि तो माझ्या मावशीचा नवरा होता. मावसाजी दर्यापूरच्या स्टेशनात पार्सलबाबू होते. मावशीनं आयुष्यात पाहिलेलं सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे कौंडण्यपूरच्या जत्रेतली वर्धा नदी. लग्न झालं तेव्हा मावसाजींनी तिला शब्द दिला होता, "रेल्वेचा पास हाय आपल्यापाशी. तुले समुद्र दाखोतो." मूर्तिजापूरला गाडी बदलली की दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबई, इतकीच ती गोष्ट. पण पहिली काही वर्षं रजाच मिळेना, आणि मावसाजी दिलेला शब्द विसरणाऱ्यांतले नव्हते. तेव्हा त्यांनी समुद्रच घरी आणायचं ठरवलं.

पाण्याची चिंता नव्हती. दर्यापूर पडलं खारपाणपट्ट्यात. घरामागच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे, चहातलं दूध फाटे. उभं गाव त्या पाण्याला शिव्या देई, मावसाजी एकटे छाती काढून सांगत, "अबे, हा समुद्रच हाय. खालून आलेला." त्यांनी काचेची मोठी पेटी करून घेतली, विहिरीच्या पाण्यानं भरली, आणि मुंबईच्या गाडीवरचा एक ओळखीचा गार्ड डब्यातून रंगीत समुद्री मासे आणून देऊ लागला. मासे एखाद-दुसरा दिवस हिंडत आणि मग उलटे होऊन तरंगत. मावसाजींचं निदान ठरलेलं असे: उपासमार. या माशांना म्हणे जिवंत खाणं लागतं. मग त्याच गार्डानं मिठागरातून एका पुडीत तपकिरीसारखी पूड आणली. कोळंबीच्या जातीचे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे किडे असतात, त्यांची ती अंडी. खाऱ्या पाण्यात टाकून बरणी उन्हात ठेवली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी वळवळू लागे. आणि ऊन आमच्याकडे काही रेशनवर नव्हतं.

झालं. मावशीच्या लोणच्याच्या काचेच्या बरण्या एकेक करून किड्यांकडे गेल्या आणि लोणचं पातेल्यात आलं. किड्यांना चारायला मावसाजी बेसन धोतराच्या फडक्यातून तीन-तीनदा गाळत. मावशी कपाळाला हात लावून म्हणे, "माह्या पोळ्यायसाठी कधी पीठ चाळून देल्लं नाई यायनं." एकदा शेजारच्या तात्यांनी ओट्यावरची ती पुडी तपकीर समजून चिमूटभर ओढली. आम्ही हसून हसून बेजार. मावसाजी मात्र गंभीर. "तात्या, नाक कोरडं ठेवजा. पाणी लागलं तं निंगतीन ते बाहीर." तात्या पुढं कितीतरी दिवस सर्दीला भीत होते.

किडे वाढत गेले, मासे मरत गेले. मासा मेला की खाणं कमी पडलं असं समजून मावसाजी आणखी एक बरणी मागत. पुढं रजा मिळायला लागली, पासही दर वर्षी निघे. मावशी मुंबईसाठी घेतलेलं नवं लुगडं काढून ठेवी, आणि निघायच्या दिवशी मावसाजी बरण्यांपाशी उकिडवे बसून म्हणत, "यायले कोनाच्या भरवशावर सोडू वं? एक दिवस पाहलं नाई तं सारे मरतीन न!"

"अवो, पन मले किडे नाई, समुद्र पाहाचा हाय!"

"तोच तं आनून राहिलो न तुह्यासाठी!"

हे भांडण ऐकून सारं घर पोट धरून हसायचं. मावशीसुद्धा हसायची, आणि लुगडं पुन्हा ट्रंकेत ठेवायची. आज ते आठवलं की हसू येत नाही, जीव तुटतो. कारण एका उन्हाळ्यात साध्या तापाचं निमित्त होऊन ती गेली. लुगड्याची घडी मोडलेली नव्हती.

त्यानंतर मावसाजींना मी बळेबळेच मुंबईला नेलं. बरण्यांचं त्यांनी नावसुद्धा काढलं नाही. चौपाटीवर वहाणा हातात घेऊन ते पाण्यात शिरले, ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकून टाकली.

"हे तं लय खारं हाय बे. आपली इहीर याच्यापुढं गोडच म्हना." जरा वेळानं म्हणाले, "मासे उपाशी नोते मरत." मग लाटांकडे पाहत म्हणाले, "तिले लय आवडलं असतं."

आम्ही दर्यापूरला परतलो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. मावसाजींनी कुलूप काढलं आणि पिशवी हातात तशीच धरून ते बरण्यांपाशी गेले. इतक्या दिवसांत तिकडे कोणी फिरकलं नव्हतं. किडे मात्र नेहमीसारखे उजेडाच्या बाजूला जमून मजेत पोहत होते. मावसाजींनी एकेक बरणी उचलून उन्हात धरून पाहिली.

"मेले नाईत बे," ते म्हणाले. "मजेत हायेत सारे."

मावशी गेली तेव्हा त्यांनी डोळ्यांतून टिपूसही काढलं नव्हतं. ती शेवटची बरणी मांडीवर घेऊन ते तिथंच खाली बसले आणि रडायला लागले.