कल्हई गेलेली वाटी

दुबईत आले तेव्हा माझ्या पासपोर्टवर शिक्का बसला: व्यवसाय, गृहिणी, काम करण्यास परवानगी नाही. पुण्यात पुरातत्त्वाचं एम.ए. करून दोन वर्षं उत्खननाच्या मातीत लोळून झालेलं होतं, त्यामुळे तो शिक्का वाचून मला हसूच आलं. पुढची सहा वर्षं मात्र त्याचं हसू आलं नाही. अल मनखूलच्या दोन खोल्यांत मी डबे भरले, मुलीचा अभ्यास घेतला, बाल्कनीतली वाळू पुसली. माझ्या पदवीचा उपयोग झाला तो एवढाच, की मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टमधला पिरॅमिड वर्गात सगळ्यांत चांगला जमला.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या एका हिवाळ्यात शेजारणीकडून कळलं की पूर्वेच्या डोंगरात एक इंग्रज डॉक्टर तांब्याच्या जुन्या भट्ट्या उकरताहेत आणि त्यांना शुक्रवारी फुकट राबणारी माणसं हवी आहेत. डॉक्टर म्हणजे औषधाचे नव्हेत, माझ्याच विषयातले. मी त्याच आठवड्यात जाऊन पोचले. नवरा गाडीने सोडायचा, पण तोंड बंद ठेवून नाही. “अगं, फुकटची हमाली आहे ही. पेट्रोल आपलं, सँडविच आपलं, आणि टॅनिंगसुद्धा आपलंच!”

बघण्यासारखं तिथे काही नव्हतं. दोन उघड्या डोंगरांमधलं कोरडं पात्र आणि त्याच्या काठाला काळे ढीग. तांबं वितळवताना जी मळी वेगळी होते, ती शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी तिथे ओतून टाकलेली. त्या ढिगांवर गवताचं एक पातं उगवलेलं नव्हतं. बाजूला कामगारांच्या झोपड्यांच्या गुडघाभर भिंती होत्या. एका झोपडीत दोन माणसं जेमतेम आडवी होतील एवढी जागा. कुठून कुठून आणलेली माणसं इथे भाते ओढत राहिली असतील आणि काम संपल्यावर निघून गेली असतील, हे मनात आलं की मला आमची बिल्डिंग आठवायची. पहिल्या दिवसापासून त्या जागेने मला उदास केलं, आणि तरी मी शुक्रवारची वाट बघायचे.

डॉक्टर मूळचे एका ओसाड, पावसाळी माळरानावरचे. त्यांच्या गावाकडे कथिलाच्या जुन्या खाणी होत्या आणि तरुणपणी त्यांनी त्या माळावरचा एकेक खड्डा, एकेक पाण्याचा चर मोजून नकाशावर मांडला होता. इथे तांब्याच्या डोंगरात बसूनही ते शोधायचे कथीलच. तांबं इथलंच, पण कथील या डोंगरांत नाही. ते इथे सापडलं, तर समुद्रावरून आलेलं असणार, आणि मग या भट्टीची दूरच्या बंदरांशी ये-जा होती असं म्हणता येईल. “वन स्मॉल ट्रेस ऑफ टिन,” ते बोटांची चिमूट दाखवून म्हणायचे, “आणि मी सुखाने रिटायर होईन.”

दुसऱ्या वर्षी त्यांनी सापडलेल्या वस्तूंचं रजिस्टर माझ्याकडे दिलं. हा सीझन रजिस्टर क्लीन राहिलं, तर पुढच्या वर्षी इथल्या पुरातत्त्व खात्यातल्या नोंदणीच्या पगारी जागेसाठी माझं नाव पाठवायचं त्यांनी कबूल केलं. पगाराशी मला देणंघेणं नव्हतं. मला तो शिक्का पुसायचा होता. मी घरी आले आणि चपलाही न काढता नवऱ्याला सांगितलं. तो एवढंच म्हणाला, “मग आता एकही चूक करू नकोस.”

त्या हिवाळ्यात सासूबाई सांगलीहून आमच्याकडे आल्या होत्या. कामाला वाघ. रिकामं बसणं त्यांना आजारपणासारखं वाटायचं. आमच्या घरातली सगळी भांडी स्टीलची, त्यामुळे त्यांचे हात शिवशिवायचे. देवांचा तांब्या आणि ताम्हन त्या दिवसाआड चिंचेने घासायच्या. बर दुबईच्या देवळाच्या गल्लीत हार घ्यायला गेल्या की दुकानदाराला न चुकता विचारायच्या, “यहाँ कल्हईवाला कहाँ मिलेगा?” तो बिचारा त्यांना तितक्याच न चुकता भाजीवाला दाखवायचा.

सीझन संपायला दोन शुक्रवार राहिले असताना एका झोपडीच्या भिंतीतला दगड काढताना मला मातीचा गोळा लागला. आत धातूची तळहाताएवढी वाटी, हिरवी पडलेली, एका कडेला चेपलेली. डॉक्टर त्या दिवशी अबुधाबीला मीटिंगला गेले होते. मी पिशवीवर नंबर घातला, यादीत ‘धातू, एक नग’ एवढंच लिहिलं आणि रात्रीच्या पावसाने माती ओली होती म्हणून सुकवायला घरी आणली. कोरड्या ब्रशने माती काढायची, फोटो आणि चित्र काढायचं, मग रजिस्टरमध्ये सविस्तर नोंद करायची, अशी आमची पद्धत. त्या आठवड्यात मुलीची परीक्षा होती आणि स्वयंपाकघर सासूबाईंनीच ताब्यात घेतलं होतं. मी वाटी वर्तमानपत्रावर ठेवली, आणि ते वर्तमानपत्र ठेवलं स्वयंपाकघराच्या ओट्यावर.

बुधवारी दुपारी मुलीला शाळेतून घेऊन आले, तर वाटी देवापुढे होती. नव्या नाण्यासारखी गुलाबी, लखलखीत, आणि तिच्यात चार बेदाणे.

“आजी, इट्स सो शायनी!” मुलगी म्हणाली.

“किती काळवंडली होती गं,” सासूबाई पदराला हात पुसत म्हणाल्या. “दोन दिवस चिंच-मिठात बुडवून ठेवली, तेव्हा कुठे हलली. आतून कल्हई होती हो तिला. पार पातळ झालेली, एका बाजूला टिकलेली. म्हटलं ही अर्धवट कशाला, तीही खरवडून काढली. आता नवी करून घे.”

कल्हई म्हणजे कथील. जे कथील डॉक्टर दोन वर्षं चाळण्या लावून शोधत होते, ते माझ्या सासूबाईंनी नुसत्या डोळ्यांनी ओळखलं होतं आणि चिंचेच्या चोथ्याबरोबर सिंकमध्ये धुऊन टाकलं होतं. चोथा टाकलेली कचऱ्याची पिशवीही सकाळीच खाली गेली होती. मी बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडला आणि रडले. बाहेरून त्यांचा काळजीचा आवाज आला, “पोट बिघडलं का गं? ओवा देऊ?”

त्यांना काय सांगणार? ओट्यावरचं भांडं घासायचं असतं, हे त्यांना जन्मभर माहीत होतं. माहीत असायला हवं होतं ते मला. मी त्यांना म्हटलं, “छान निघाली, आई. म्युझियममध्ये ठेवणार आहेत.” त्यांचा चेहरा इतका खुलला, की मला माझीच लाज वाटली.

शुक्रवारी डॉक्टर यादी घेऊन बसले. नंबर वाचायचे, मी पिशवी पुढे करायची. मग ती पिशवी आली. सगळं खरं सांगायचं, असं मी गाडीत दीड तास घोकत आले होते. त्यांनी वाटी चष्म्यावरून पाहिली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

“धिस इज मॉडर्न, शुअरली?” ते म्हणाले. “कुणा मेंढपाळाची राहिली असेल.”

त्यांनी विचारलं होतं, ठरवलं नव्हतं. माझ्या उत्तरासाठी ते थांबलेसुद्धा. रजिस्टर उघडं होतं, माझ्या अक्षरातलं, एकही खाडाखोड नसलेलं. मी “यस” म्हटलं.

त्यांनी वाटी टाकाऊ बादलीत टाकली. टण्ण असा आवाज झाला. संध्याकाळी ती बादली मळीच्या ढिगावर रिकामी करायचं काम माझंच होतं. वाटी उचलून पिशवीत घालायला अर्धा क्षण पुरला असता. पण ती घरी नेली, तर सासूबाई विचारतील, आणि तिथेच कुणाला माझ्याकडे दिसली, तर डॉक्टर विचारतील. मी बादली उलटी केली आणि गाडीत जाऊन बसले.

जागा मला मिळाली. नवा शिक्का बसला, नवऱ्याने बासुंदी आणली. पुढे दोन वर्षांत तो सगळा ढीग क्रशरला गेला आणि त्याची खडी रस्त्याखाली दाबली गेली, त्यामुळे परत जाऊन शोधायचा प्रश्नच मिटला. डॉक्टरांचा उत्खननाचा अहवाल छापायला जाण्याआधी त्याची पानं तपासायला माझ्याकडेच आली. त्यात एक ओळ होती: या स्थळी कथिलाचा कोणताही पुरावा आढळला नाही. स्पेलिंग बरोबर होतं. मी समोर बरोबरची खूण केली. त्यानंतर मी त्या खात्यात चांगलं काम केलं, मानही मिळाला, पण त्यातल्या एकाही दिवसाचा आनंद मला नीट घेता आला नाही.

सासूबाईंनी मात्र सांगलीत अख्ख्या भजनी मंडळाला सांगून ठेवलं होतं, “दुबईच्या म्युझियममध्ये मी घासलेली वाटी आहे.” फोनवर दर वेळी विचारायच्या. दोन हजार तीनच्या सुटीत गेले, तेव्हा त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “वाटी नीट आहे ना गं?”

“हो आई. काचेच्या कपाटात आहे.”

“तुझ्या डॉक्टरांना सांग, तिला आतून कल्हई होती म्हणून. मी पाहिलीय. परत करून घ्या म्हणावं, नाहीतर आंबट काही ठेवलं की कळकेल.”

मी “सांगते” म्हटलं. डॉक्टरांचं निधन होऊन तेव्हा वर्ष झालं होतं.