लोण्यातलं ॲसिड

बाटलीचं झाकण उघडलं आणि दहा मिनिटांत आमची ओपीडी रिकामी झाली. खवट लोणी आणि ओकारी यांचा मिळून जो वास होईल, तो जिन्यानं वर चढला. मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका ट्रस्ट हॉस्पिटलात फार्मासिस्ट होते. नव्वदचं दशक होतं. आमचे सर्जन सर नाकाला रुमाल लावून आत आले.

"मॅडम, काय मेलंय इथं?"

"तुमचीच ऑर्डर आहे सर. ब्युटिरिक ॲसिड."

ऑर्डर होती दत्तूमामा गवळ्यांसाठी. सहा महिन्यांपूर्वी त्यांच्याच म्हशीनं त्यांच्या पोटात शिंग घातलं होतं. मोठं आतडं फाटलं. सरांनी आतड्याचं वरचं टोक पोटाला भोक पाडून बाहेर काढलं आणि त्यावर पिशवी लावली. याला कोलोस्टोमी म्हणतात. खालचा भाग बरा होईपर्यंत रिकामा ठेवायचा, मग दोन्ही टोकं जोडून पिशवी काढायची.

मामा त्या जोडणीकडे डोळे लावून बसले होते. दूधकट्ट्यावर म्हैस उभी करायची, गिऱ्हाइकासमोर धार काढायची, फेसाळता ग्लास हातात द्यायचा, हा त्यांचा बापजाद्यांपासूनचा धंदा. "पोटाला पिशवी बांधलेल्याच्या हातचं दूध कोण पिणार?" म्हणून ते तिकडे फिरकतच नव्हते. भाऊ धार काढायचा आणि मामा घरात झुरायचे.

त्यात रिकाम्या भागातून रक्त पडू लागलं. सरांनी जर्नल धुंडाळून कारण काढलं. आपल्या मोठ्या आतड्यात बॅक्टेरिया असतात. भाकरीतला कोंडा, भाजीचा चोथा आपल्याला पचत नाही, त्यांना पचतो. त्यातून ते ब्युटिरिकसारखी बारकी बारकी फॅटी ॲसिड्स बनवतात, आणि आतड्याचं अस्तर मुख्यतः त्यांच्यावरच जगतं. मामांच्या खालच्या आतड्यात चोथा पोचतच नव्हता. बॅक्टेरिया उपाशी, म्हणून अस्तरही उपाशी. उपाय असा की तीच ॲसिड्स बाहेर तयार करून खालून पिचकारीनं द्यायची. मी ती सोडियमच्या जोडीनं सौम्य केली. वासही बराच कमी झाला.

"हे कशाचं औषध म्हणायचं?" बाटल्या घेताना मामांनी विचारलं.

"लोण्यात असतं ना, त्यातलंच ॲसिड. रोज दोन वेळा. पिचकारी बाटलीसोबत आहे." आपल्याला किती सोपं करून सांगता येतं, याचा मला तेव्हा फार अभिमान होता.

मामांनी बाटली हुंगली. "व्हय की. लोणीच हाय. जरा जुनं झालंय, एवढंच."

दोन आठवड्यांनी सरांनी दुर्बिणीतून पाहिलं. रक्त जैसे थे.

"औषध फेल," सर म्हणाले. "सुजलेल्या आतड्यात टाके धरणार नाहीत. दुसरा आजार समजून स्टेरॉइड चालू करू. पिशवी अजून वर्षभर राहू दे."

बाहेर बाकावर मामांनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा पार उतरला. मला फार वाईट वाटलं. पण गाल भरलेले दिसले आणि शंकाही आली. झुरणारा माणूस दोन आठवड्यांत गुटगुटीत कसा होतो?

"मामा, पिचकारी घेतली ना?"

"न्हाय बा. ते शिळं लोणी मागनं कशाला घालायचं? घरात चार म्हशी हाईत. ताजं लोणी खातोय की, दोन येळेला वाटीवाटी."

मी कपाळावर हात मारला. "अहो, खाल्लेलं लोणी वरच पचतं. आणि काही उरलंच तर ते पिशवीत येणार. तुमचा रस्ता तिथंच संपतो. खाली थेंबसुद्धा जात नाही."

"मग हे आदी सांगायचं न्हाय व्हय?"

सांगायलाच हवं होतं. मी तडक सरांकडे गेले आणि चूक माझी आहे म्हणाले. सरांनी आधी मला चांगलंच झापलं, मग स्टेरॉइडची चिठ्ठी फाडली. "अजून दोन आठवडे. पण पिचकारी इथंच, सिस्टरच्या समोर."

मामा सकाळ-संध्याकाळ मुकाट्यानं येत राहिले. रक्त थांबलं, अस्तर गुलाबी झालं. सरांनी आतडं जोडलं, टाके धरले, पिशवी गेली.

तेव्हापासून औषध कशाचं आहे, हे मी शेवटी सांगते. आधी ते कुठून घ्यायचं आणि तिथूनच का, हे सांगते आणि पेशंटकडून वदवूनही घेते.

काही महिन्यांनी मी दूधकट्ट्यावर गेले. मामा म्हशीखाली बसले होते. भोवती गिऱ्हाइकांची दाटी होती. मला बघून त्यांनी धार काढली आणि फेसाळता ग्लास सगळ्यांदेखत माझ्या हातात दिला.

"मॅडम," ते खणखणीत आवाजात म्हणाले, "हे तोंडानं घ्यायचं."